बाबा झोपलेत

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार झाले असं धरून चाल. फोनवर बोलायला लागलो की दोन मिनिटांत तू डॉक्टर होतेस आणि मी पेशंट होतो, मग मी फोन ठेवतो आणि आठवडाभर आपलं तोंड वाकडं. म्हणून पत्रं लिहायची असं तूच ठरवलंस, आणि पहिलं पत्र मी लिहितोय. मोठेपणा कुणाचा ते बघ.

आई गेल्यापासून बाबांनी आमची जी दैना केली ती तुला नीट माहीतच नाही. सगळी हयात बेकरीत रात्रपाळी केलेला माणूस. निवृत्त झाले तरी अंगातली पाळी काही निवृत्त झाली नाही. आई होती तोवर ती त्यांच्याशी रात्रभर पत्ते खेळत बसायची. आता आम्ही आडवे झालो की यांचा दिवस उजाडतो. स्वयंपाकघरात परात काढायची, कणीक भिजवायची, मळत बसायचं, मग ती फेकवत नाही म्हणून सकाळी आम्ही सगळ्यांनी पोळ्यांवर पोळ्या खायच्या. एकदा गॅस उघडा ठेवून गच्चीवर गेले. तुझ्या भावजयीला वास आला म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही दोघं आळीपाळीने पहारा द्यायला लागलो. ती शाळेत फळ्याकडे तोंड करून डुलक्या घ्यायची, आणि मी दुकानात एका आजींच्या चष्म्यात दुसऱ्याच आजोबांची काच बसवली. आजी म्हणाल्या, बरं दिसतंय की.

तर आता आनंदाची बातमी. गेले काही दिवस बाबा रात्री ढाराढूर झोपतात. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांची एक साधी गोळी आहे, तिने काम केलं. आणि नवल ऐक, घोरणंसुद्धा जवळजवळ थांबलं. ज्या घोरण्यामुळे शेजाऱ्यांनी एकदा भिंत ठोकली होती ते घोरणं! घर इतकं शांत झालंय की पहिल्या रात्री त्या शांततेनेच मला जाग आली.

तुझं कामच लोकांना भूल देऊन झोपवायचं, म्हणून म्हटलं, तुला कौतुक वाटेल. कधी येतेस?

तुझा
बारक्या


१२ फेब्रुवारी

बारक्या,

पहिलं पत्र तू लिहिलंस, मोठेपणा तुझा, मान्य. आता माझं चार ओळी शहाणपण ऐकून घे. पत्र आहे, मध्येच ठेवून देता येणार नाही. म्हणजे येईल, पण ठेवू नकोस.

मला कौतुक वाटलं नाही. धास्ती वाटली.

सोपं करून सांगते. जागेपणी माणसाला श्वास घ्यायला शंभर निमित्तं असतात. बोलायचं असतं, जिना चढायचा असतो, मुळात जागं असणं हेच एक मोठं निमित्त. झोप लागली की ही सगळी निमित्तं रजेवर जातात. मग मेंदूच्या बुडाशी श्वासाचा कारभार बघणारी जी एवढीशी जागा आहे, तिला एकाच खुणेवर भागवावं लागतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला की ती म्हणते, चला, श्वास घ्या. त्यातच झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. बाबांसारखी आखूड, जाड मान असली की घसा चिंचोळा होतो आणि त्यातून जाताना हवा आवाज करते. तेच घोरणं. कधीकधी घसा पुरताच मिटतो. मग साठा वाढत जातो, मेंदू दचकतो, माणूस अर्धवट जागा होतो, घसा उघडतो आणि एकदम मोठा श्वास येतो. बाबा मध्येच गप्प व्हायचे आणि मग बस सुटल्यासारखा आवाज करायचे, ते हेच. आपण हसायचो. तो दचका त्यांना आजवर वाचवत आलाय.

आता गोळी. ती घसा आणखी सैल करते, श्वासाचा कारभार पाहणाऱ्याला पेंग आणते, आणि तो दचका बोथट करते. तेव्हा घोरणं थांबलं म्हणजे वाट मोकळी झाली असंच नाही. त्या वाटेने कुणी जातच नसेल, असंही असू शकतं.

माझ्या कामाच्या खोलीत मी दिवसभर हेच करते. दुर्बिणीच्या तपासणीसाठी माणसाला थोडीशी गुंगी द्यायची आणि मग त्याच्या तोंडापासून नजर हलवायची नाही. बोटाला लावलेलं यंत्र उशिरा बोंबलतं. त्याच्या आधी माणूस दिसतो.

म्हणून तीन गोष्टी कर. गोळीचं नाव कळव. ती कुणी, कुणाला बघून दिली ते कळव. आणि बाबा झोपलेले असताना त्यांच्याजवळ बसून त्यांचा श्वास बघ आणि जे दिसेल ते मला लिही. तोवर गोळी बंद. बाबांनी हट्ट केला तरी बंद. मला तर नवल वाटतं की त्यांनी गोळी घेतली कशी. डोकं दुखलं तरी गोळी म्हणजे आळशाचं औषध म्हणणारा माणूस तो.

माझ्या भावजयीला सांग, पोळ्या मलाही पाठव.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून हिच्या तोंडचं पाणी पळालं. मला सांग, घाबरवायचे पैसे मिळतात का तुला? इतकी वर्षं घोरतात बाबा. घोरून कुणी मेलेलं मी तरी ऐकलं नाही.

तरी तुझी आज्ञा म्हणून बघितलं. जवळ जाऊन बसायला मात्र जमलं नाही. तुला सांगायला नको, तूही त्याच घरात वाढलीस. बाबा झोपलेत म्हटलं की आई आपल्याला पायातल्या चपला हातात घ्यायला लावायची. कुकरची शिट्टी काढून ठेवायची. पोस्टमनला जिन्यातच अडवायची. एकदा मी पडलो, गुडघा फुटला, आणि रडायला गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. त्या खोलीच्या दाराशी आलं की अजूनही माझा हात आपोआप मागे येतो. तुझी भावजय हसते मला, म्हणते, सासरे आहेत की वाघ?

तर दार किलकिलं करून बघितलं. माझी नजर पक्की आहे, दिवसभर काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधतो मी. बाबांचा श्वास व्यवस्थित चालू आहे. पोट चांगलं जोरात वर-खाली होतं. पोट वर आलं की छाती आत जाते, छाती वर आली की पोट आत. अगदी लयीत. जरा वेळाने एक उसासा टाकतात आणि पुन्हा तसंच. आवाज नाही, काही नाही. तेव्हा तुझ्या जिवाला घोर नको.

गोळीचं म्हणशील तर नाव नंतर कळवतो, पाकीट हिने कुठे ठेवलंय बघायला हवं. अर्धीच देतो. दुधाबरोबर घेतली की त्रास होत नाही म्हणतात. एकदम बंद करणं मात्र जमणार नाही. तू तिकडे आहेस, इथे रात्रभर परात कोण ऐकणार? दोन रात्री बंद केली होती. दुसऱ्या रात्री ते फाटक उघडून बेकरीच्या रस्त्याला लागले होते, अंगात नुसता बनियन. तेव्हापासून सर्दी-खोकला धरून बसलाय. कोपऱ्यावरच्या केमिस्टने खोकल्याचं औषध दिलंय, त्याने खोकला दबतो आणि झोपही बरी येते म्हणाला. एका दगडात दोन पक्षी.

रागावू नकोस. पोळ्या बंद झाल्यात, त्यामुळे पाठवता येत नाहीत.

बारक्या


२४ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. दुपारची जेवणाची सुट्टी आहे, डबा उघडलेला तसाच आहे.

पोट वर येताना छाती आत जात असेल तर तो श्वास नाही. ती श्वासाची धडपड आहे. दार बंद आहे आणि माणूस आतून ढकलतोय. हवा आत जाते तेव्हा छाती आणि पोट बरोबरच वर येतात. तू जो उसासा म्हणतोस तेवढाच खरा श्वास, बाकीचं सगळं नुसतं हलणं. तुझी नजर पक्की आहे रे, इतकं नेमकं मला आमच्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. पण तू बघितलंस एक आणि समजलास भलतंच.

आणि त्यावर खोकल्याचं गुंगीचं औषध. एक गुंगी अधिक एक गुंगी म्हणजे दोन होत नाहीत, पुष्कळ जास्त होतात. आज रात्री त्यांना यातलं काहीही देऊ नकोस. उशीखाली आणखी उशी देऊन मान पुढे वाकवू नकोस, कुशीवर

नाही. हे पाकिटात घालून पेटीत टाकण्यात अर्थ नाही. मी फोन करते.


९ मार्च

ताई,

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. तू इथे होतीस तेव्हा आपण औषधांबद्दल बोललो, तपासण्यांबद्दल बोललो, हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या चहाला नावं ठेवली. जे बोलायचं होतं ते मी बोललो नाही. अर्धवट लिहिलेलं ते पत्र तू हातात ठेवून गेलीस, ते मी आता वाचलं. म्हणून लिहितो.

तुझा फोन आला तेव्हा ही शाळेतून येऊन स्वयंपाकघरात होती. आदल्या रात्री बाबा खोकून खोकून जागे राहिले होते, म्हणून मी दुपारी जेवायला आलो तेव्हा त्यांना खोकल्याचं औषध दिलं आणि दूध दिलं. तू हिला म्हणालीस, आत जा आणि त्यांना उठव. ही फोन तसाच सोडून धावली. तुला वाटतंय मी तेव्हा दुकानात परत गेलो होतो. ही पण तुला तसंच म्हणाली. मला सांभाळून घेतलं तिने.

मी दाराशी उभा होतो, ताई. ही यायच्या आधीपासून. निघण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून दार किलकिलं केलं, तर पोटही हलत नव्हतं. ओठ कसेसेच दिसत होते, जांभळे. मला दिसलं, कळलं. आणि माझा हात कडीवरून पुढे सरकेना. मनात काय आलं सांगू? बाबा झोपलेत. एवढंच. उठवलं तर रागावतील. शाळेत जाणाऱ्या मुलीचा बाप मी, आणि बाबा रागावतील म्हणून उभा. किती वेळ ते सांगता येणार नाही. थोडाच असेल. मला तो फार वाटतो.

ही मला ढकलून आत गेली. तिने त्यांना गदागदा हलवलं, गालावर चापट्या मारल्या, ओरडली. मग तू फोनवर काय सांगतेयस ते ऐकून आली आणि मला म्हणाली, हनुवटी धरून वर उचला. ते मात्र मी केलं. हनुवटी वर उचलल्याबरोबर एक ओढलेला श्वास आला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी ती हनुवटी सोडली नाही.

आता दुसरी गोष्ट. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळी दिली हे खरं, पण आईला, तिच्या शेवटच्या दुखण्यात. उरलेलं पाकीट कपाटात होतं. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी घेतलीच नसती, म्हणून मी ती कुटून दुधात घालायचो. अर्धी, मग एक. त्या दुपारी एक. ही पहिल्यापासून नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना विचारलं, आजोबा, झोपेची गोळी घेता का? बाबा म्हणाले, छे, मी असली थेरं करत नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीबाहेर बघितलं. मग तू त्या बाईंना बाहेर नेऊन काय सांगितलंस ते मी विचारलं नाही, पण तू काहीतरी सांगितलंस. तुला कधी कळलं?

बारक्या


१५ मार्च

बारक्या,

तू 'दुधाबरोबर' असं लिहिलंस तेव्हाच कळलं. ज्या माणसाने आयुष्यात गोळी घेतली नाही तो दुधाबरोबर तरी कशी घेईल? बाहेर जाऊन मी त्यांना खरं काय ते सांगितलं, कारण त्यांना त्या गोळीवरचा उतारा द्यायचा की नाही हे ठरवायचं होतं. तुझी अब्रू राखायला मला वेळ नव्हता.

मला तुझा राग आला होता. अजून आहे. आईच्या गोळ्या बाबांना, तेही चोरून. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जो माणूस रात्री काम करून दिवसा झोपायला घडलाय, त्याला रात्री झोपत नाही म्हणून आपण आजारी ठरवलं. मी 'आपण' म्हणतेय. मी तर इथे बसून नुसती सल्ले देत होते, पहारा तुम्ही दोघं देत होता.

पण त्या दाराशी उभं राहण्याबद्दल तुला एक सांगते. माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुलं, चांगली हुशार, पहिल्यांदा पेशंटचा श्वास थांबला की अशीच उभी राहतात. त्यांना काय करायचं ते पाठ असतं. तरी हात हलत नाही. मी त्यांच्या दंडाला धरून पुढे ढकलते. तुला तुझ्या बायकोने ढकललं. तिचे पाय धर, आणि नंतर जी हनुवटी उचललीस ती लक्षात ठेव. मेंदूला हवा पोचली ती त्यामुळे.

आता एकच काम उरलंय. बाबांना सांग. मी सांगणार नाही, तुझी बायको सांगणार नाही. त्यांच्या पोटात त्यांना न विचारता काय गेलं हे कळण्याचा हक्क त्यांना आहे. ते ओरडतील. ओरडू देत. ओरडायला श्वास लागतो, तो आहे हे बरंच आहे.

झोपेच्या तपासणीत काय निघालं ते माहीतच आहे तुला. घसा मिटतो, तासातून कितीतरी वेळा. गोळी नसतानाही. तेव्हा ते मास्कचं यंत्र रोज, न चुकता. हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा राहतो, एवढंच ते करतं. बाबा कटकट करतील, पहिले पंधरा दिवस सगळेच करतात.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझ्या म्हशी आणि पखालीवरून ही इतकी हसली आणि मग इतकी रडली की मला कळेना आधी काय करावं. पण त्यातूनच तिला सुचलं. मला म्हणाली, त्यांना रात्री झोपवायचा हट्ट कशाला? रात्री जिथे जायचे तिथे जाऊ देत की.

बेकरीचा सध्याचा मालक बाबांच्या हाताखालीच काम शिकलेला. त्याला भेटलो. तो म्हणाला, वस्ताद नुसते खुर्ची टाकून बसले तरी पोरं सरळ होतील. भट्टीपासून लांब, दाराच्या वाऱ्याला बसवतो. तू काळजी करशील म्हणून डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, जागे राहून बसायला हरकत नाही. आता बेकरीतली पोरं त्यांना सायकलवर न्यायला येतात आणि सकाळी आणून सोडतात. बाबा पहिल्या रात्रीनंतर आले ते पोरांना शिव्या देतच. मीठ कळत नाही लेकाच्यांना, म्हणाले. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं.

सकाळी न्याहारी करून झोपतात, मास्क लावून. यंत्राला ते 'सासूबाई' म्हणतात, कारण नाकावर बसते आणि फुसफुसते. पण लावतात. खोकल्याचं औषध आणि ते पाकीट मी केमिस्टला परत नेऊन दिलं, टाकून देण्यासाठी.

मी दुकान दुपारी बंद ठेवतो आणि त्यांच्या खोलीत बसतो. आत, खुर्चीवर. मास्क सरकला तर नीट करता येतो. यंत्र असताना बसायची गरज नाही हे तू सांगितलंयस, हीपण सांगते. मला बरं वाटतं बसल्यावर, एवढंच. रात्री तर ते घरातच नसतात, तरीही माझा डोळा लागत नाही. कान त्यांच्या खोलीकडे. सवय झालीय, जाईल. ही म्हणते, माझे डोळे खोल गेलेत. चष्मेवाल्याचे डोळे खोल गेले तर गिऱ्हाईक पळेल म्हणते.

बाबांना सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. ते मास्क काढतात, मला बसलेलं बघतात, म्हणतात, तुला कामधंदा नाही का? मग मी मास्क पुसून ठेवतो आणि दुकानात जातो. सांगेन. मागे लागू नकोस.

बारक्या


२१ एप्रिल

थोरलीस,

मी सुखरूप आहे. तूही असशील. मला पत्र लिहायची सवय नाही, तुझी आई लिहायची आणि मी खाली सही करायचो. तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस. तुझ्या भावजयीने पाकिटावर पत्ता घालून दिला, आत काय आहे ते विचारलं नाही. शहाणी पोर आहे.

कामाचं सांगतो. तुझ्या भावाचं बघ.

दुधात गोळी होती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जन्मभर पिठात चिमूट सोडा जास्त पडला तरी जिभेवर कळायचा मला, त्या दुधात तर गोळी नीट कुटलेलीही नव्हती, तळाशी कण राहायचे. मी पेला विसळून ठेवायचो, म्हणजे त्याला वाटायला नको की मला दिसले.

का प्यायलो विचारशील. पोरगा पेला घेऊन उभा राहायचा तेव्हा त्याच्याकडे बघवायचं नाही. डोळे लाल, दाढी वाढलेली. दूध पिऊन मी पडलो की थोडा वेळ जागा असायचो. बाहेर दिवे बंद व्हायचे. मग त्यांच्या खोलीतून दोघांच्या झोपेचा आवाज यायचा. पोरं झोपली की घर कसं वाटतं हे मला कधी माहीतच नव्हतं, त्या वेळी मी भट्टीवर असायचो. मला ते ऐकायला बरं वाटायचं. गोळीने श्वास जातो हे मला कुठे माहीत होतं? त्यालाही नव्हतं. माहीत असतं तर त्याने दिली नसती आणि मी प्यायलो नसतो. मला काही मरायचं नाही, बेकरीतल्या पोरांना अजून मीठ कळत नाही.

हॉस्पिटलात त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी छे म्हणालो ते म्हणूनच. पोरगा समोर उभा होता. तू बाहेर जाऊन सांगितलंस ते बरं केलंस, पण मला वाटलं, त्याच्या तोंडावर तरी ते निघू नये.

आता तो रोज माझ्याजवळ बसतो. रोज ओठ हलवतो आणि काही बोलत नाही. मला माहीत आहे हे मी सांगून टाकलं तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याने जाणूनबुजून विष घेतलं आणि मी दिलं. नाही सांगितलं तर तो असाच झुरत राहील. पीठ बिघडलं तर काय करायचं ते मला कळतं, हे कळत नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग. पत्राने नको, ये. तू आणि मी मिळून बोलू त्याच्याशी.

तो जेवत नाही धड. रात्री झोपत नाही हे मला बेकरीतून आल्यावर त्याच्या डोळ्यांकडे बघून कळतं. त्याला झोप येईल असं तुझ्याकडे काही असेल तर घेऊन ये, असं लिहिणार होतो. ते खोडलं समज. तूच ये.

आत्ता दुपार आहे. मी मास्क काढून हे लिहितोय, ओरडू नकोस, झोपलेलो नाही मी. तो खुर्चीतच मान टाकून झोपलाय, कित्येक दिवसांनी. तोंड उघडं आहे, माझ्यासारखाच घोरतोय. तू सांगितलंस म्हणे, नुसता आवाज ऐकून भागत नाही, बघावं लागतं. म्हणून लिहिता लिहिता मान वर करून बघतोय. तो उठेपर्यंत मी जागा आहे.

बाबा